रेवाच्या खोलीकडे

जेवणघरापासून रेवाच्या खोलीपर्यंतचा पॅसेज पहिल्या दिवशी बारा पावलांचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकशे सत्तर पावलांचा झाला. हेमांगीनं मोजून पाहिलं, कारण तिच्या हातातल्या दुधावर खोलीत पोचेपर्यंत साय धरली होती.

व्हिला देखणा होता. पांढऱ्या भिंती, वेताचे झोपाळे, लहान मुलांसाठी गुडघाभर पाण्याचा वेगळा पूल आणि प्रत्येक खिडकीत समुद्र. हेमांगीनंच तो शोधला होता. सुधन्वाशी तिचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. त्याची पहिली बायको मंजिरी आजारपणात गेली तेव्हा रेवा चार वर्षांची होती, आता सात. रेवा हेमांगीशी नीट वागायची, पाहुण्यांशी वागावं तशी. चार दिवस तिघंच राहू, एकत्र पाण्यात डुंबू, मग बघू, असा हेमांगीचा विचार होता.

पॅसेजबद्दल तिनं मॅनेजर खानोलकरबाईंना विचारलं.

"माणसं वाढली की घर वाढतं, मॅडम," बाई मान वर न करता म्हणाल्या. "फॅमिलीसाठीच आहे आमचं."

"पण आम्ही तिघंच आहोत."

"मग चार ताटं कोणी सांगितली?"

दुपारी टेबलावर खरोखरच चार ताटं होती. चौथ्यासमोर कोणी बसलं नाही. जेवणं उरकली तेव्हा त्यातला बांगडा संपला होता, आणि काटे ताटाच्या कडेला एका रांगेत लावलेले होते. सुधन्वानं ते पाहिले आणि तो ग्लासभर पाणी प्यायला.

"मंजिरी असेच ठेवायची," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी रेवाच्या खोलीपर्यंत जायला अर्धा तास लागला. पॅसेजला आता चाळीस खिडक्या होत्या. रेवा दारातच भेटली. तिनं दार मागे ओढून घेतलं होतं.

"मावशी, हळू बोल. आई झोपलीय."

"कुठे?"

"आत. तिला इतकं लांब चालवत नाही, म्हणून ती बाहेर येत नाही."

हेमांगीनं दाराला हात लावला. लाकूड गरम होतं, तापलेल्या कपाळासारखं. तिनं हात काढून घेतला आणि ती अर्धा तास चालत परत आली. सुधन्वा पूलाच्या काठावर पाय सोडून बसला होता.

"तू बघून ये ना," ती म्हणाली.

"मी नाही जाणार."

"का पण?"

"गेलो तर परत येणार नाही, हेमा. मला माहीत आहे ते." हे तो इतक्या साधेपणानं म्हणाला की तिला रागावताही आलं नाही.

चौथ्या दिवशी अकराला खोल्या सोडायच्या होत्या. सामान गाडीत चढलं. सुधन्वानं गाडी सुरू केली आणि तो समोर बघत राहिला. रेवा आली नव्हती. हेमांगीनं चपला काढून हातात घेतल्या आणि ती चालायला लागली.

खिडक्या मोजणं तिनं तीनशेनंतर सोडून दिलं. ऊन हलत नव्हतं. गाडीचा हॉर्न सुरुवातीला पाठीशी ऐकू येत होता, मग भिंतीतून, मग नाहीच. तिला मधेच वाटलं, आपण मागे फिरलो तर कोण काय म्हणणार आहे? पण ती फिरली नाही.

दार उघडंच होतं. पलंगावर रेवा बसली होती, तिच्या शेजारी मंजिरी. घरी हॉलमधल्या फोटोत होती त्यापेक्षा बारीक.

"दमलीस?" मंजिरीनं विचारलं.

"हो."

"पाणी घे."

हेमांगी पाणी प्यायली. "मी हिला न्यायला आलेय."

"ने. पण उचलून नको नेऊस. चालू दे तिला."

"सात वर्षांची आहे ती."

"लांब आहे गं. उचलून पुरायची नाहीस तू."

"आई, तू?" रेवानं विचारलं.

"मला चालवत नाही ना, सोन्या." मंजिरीनं तिच्या फ्रॉकचं वरचं बटण लावलं आणि ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

दोघी निघाल्या. रेवानं हेमांगीचं एक बोट धरलं होतं. विसाव्या खिडकीपाशी तिचा दात पडला. पन्नासाव्यापाशी फ्रॉक गुडघ्याच्या वर गेला. खिडक्यांच्या गजांवर कपडे वाळत होते, प्रत्येक वेळी तिच्या मापाचे. ती ते बदलत गेली.

"आई आजारी होती, हे मला कोणीच का सांगितलं नाही?" एका खिडकीशी तिनं विचारलं.

"सांगायला हवं होतं," हेमांगी म्हणाली.

पुढे एकदा ती ओरडली, "तू माझी कोणी लागत नाहीस!" आणि तरातरा पुढे गेली. हेमांगी आपल्या चालीनं चालत राहिली. बऱ्याच खिडक्यांनंतर रेवा जमिनीवर बसलेली दिसली. हेमांगीनं काही विचारलं नाही, नुसता हात पुढे केला. रेवा उठली तेव्हा तिचा खांदा हेमांगीच्या खांद्याला लागला.

मग हेमांगीचे गुडघे दुखायला लागले. बोटांवरची कातडी सैल झाली, डोळ्यांवर येणारे केस पांढरे झाले. आता रेवाच तिला दंडाला धरून नेत होती. शेवटच्या खिडकीवर पिवळी साडी वाळत होती. रेवा ती नेसली, निऱ्या एका झटक्यात खोचून.

"पोचलो, मावशी. जपून, पायरी आहे."

बाहेर अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. गाडी सुरूच होती. सुधन्वा होता तेवढाच होता, चाळिशीला न टेकलेला, सकाळी दाढी करताना हनुवटीला कापलेलं ताजं. त्यानं वळून पाहिलं. हेमांगीवरून त्याची नजर तशीच पुढे गेली, वाटेतल्या एखाद्या म्हातारीवरून जावी तशी. मग ती रेवावर थांबली.

"मंजिरी," तो म्हणाला, "किती वेळ लावलास."

त्यानं वाकून पुढचं दार आतून उघडलं.

 हेमांगीच्या दंडावरची रेवाची पकड एकदा घट्ट झाली, आणि मग एकेक बोट सुटायला लागलं.