मोरागबाईंचं बरं हाय

गेवराईत बसून मी स्कॉटलंडच्या म्हाताऱ्यांची खुशाली लिहिते म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना तिकडची एक कंपनी रोज सकाळी मशीनवरून फोन लावते, कशा आहात विचारते. त्यांचं बोलणं मशीनच लिहून काढतं, जिथं ते अडतं तिथं मी. शेवटी खूण करायची: 'ठीक', न्हाईतर 'माणूस पाठवा'.

मशीनला पुस्तकातलं इंग्रजी येतं. माझ्या यादीतल्या मोरागबाईंचं, त्यांच्या गावाकडचं, कुठून येणार? त्या हो म्हणायला 'आय' म्हणतात, बारक्याला 'वी', मळभ आलं की 'ड्रीख'. मी वहीच घातली शब्दांची. दोन वर्षांत असं झालं की दारावरून वाळूचे हायवा ट्रक धडधडत गेले तरी त्यांचा एक शब्द सुटत न्हाई.

दिवाळीनंतर त्यांचा आवाज लई उतरला. एक दिवस म्हणाल्या 'पीली-वॉली', म्हंजे तोंड पांढरंफटक पडलंय. मग 'वॅबिट', म्हंजे अंगात त्राणच न्हाई. आन् दर वेळी शेवट तोच: 'नो बॅड, हेन.' वाईट न्हाई गं पोरी. मशीनला पोरी म्हणायच्या, बिचाऱ्या.

'वॅबिट' म्हणाल्या त्या दिवशी माझी सासू सरूबाई शेजारी शेंगा फोडत बसली होती. तिला इंग्रजीचं अक्षर कळत न्हाई. तिनं आवाज ऐकला आन् तिचा हात थांबला.

"ही बाई आजारी हाय," ती म्हणाली. "तुजा सासरा बी जाईस्तवर बरं हायच म्हणत व्हता."

मी 'माणूस पाठवा'वर खूण केली. तासाभरात पुण्याच्या ऑफिसातून आमचं काम तपासणाऱ्या अजिनाथ सरांचा फोन आला. बाई स्वतः वाईट नाही म्हणतेय, मग तुम्ही कोण ठरवणार? ती जे बोलली तेच धरायचं. याआधीही तुम्ही दोनदा उगाच माणूस पाठवायला लावलाय, आता पुन्हा केलंत तर काम बंद. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घर माझ्या पगारावर चालतंय. मी जी सर म्हणाले आन् खूण बदलली. सासू शेंगांचं सूप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मोरागबाईंनी फोन उचलला. मशीननं नेहमीसारखं विचारलं. पुढं नुसता श्वास ऐकू येत होता, ओढून ओढून घेतलेला. मग तोही थांबला. मागं कुठंतरी घड्याळ चालू होतं. चाळीस सेकंदांनी मशीननं धन्यवाद म्हणून फोन ठेवला आन् स्वतःच लिहून टाकलं, 'तक्रार नाही'.

हे रेकॉर्डिंग माझ्यापुढं आलं तवा तीन तास होऊन गेले होते. 'माणूस पाठवा' मी किती वेळा दाबलं, मला सांगता येणार न्हाई.

मग त्यांचं पान उघडलं. कालची तारीख, तिच्यापुढं 'ठीक', आन् खूण करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव.