मधला स्पीकर

कारखान्यात त्यांना सगळे कानसेन म्हणत, आणि हे नाव त्यांना मनापासून आवडायचं. लिफ्टची जुनी मशीनं दुरुस्त करणारा कारखाना होता तो. मोटार, गिअरबॉक्स, बेअरिंग सगळं उकलून, बदलून पुन्हा जोडलं की मशीन चालू करायचं आणि कानसेनना बोलवायचं. ते यायचे, लांब पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. आसपासची माणसं तोवर खोकायचीसुद्धा नाहीत. बिघडू लागलेलं बेअरिंग आधी फार बारीक, उंच आवाजात रडतं. तो आवाज नसेल तर कानसेन मशीनवर खडूने खूण करायचे. मग ते कुठल्यातरी इमारतीच्या माथ्यावर जाऊन बसायचं आणि त्याच्या भरवशावर माणसं वरखाली करायची. मालकांनी एकदा कंपन मोजायचं यंत्र आणलं होतं. ते कपाटात पडून होतं, कारण कानसेनचा शब्द त्याच्या आधी मिळायचा.

आता तो बारीक आवाज कानसेनना ऐकू येत नव्हता, आणि हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. त्यांच्या बायकोला.

बायकोने जन्मभर पहिलीच्या वर्गाला शिकवलं, त्यामुळे शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळे तिला बाईच म्हणत. समोर उभं राहून, तोंड पूर्ण उघडून, एकेक अक्षर सुटं करून बोलायची बाईंना सवय. म्हणून घरात काही अडत नसे. बाईंचं बोलणं कानसेनना स्वच्छ कळायचं आणि इतरांचं नाही कळलं की इतरच पुटपुटतात असं ते समजायचे.

संशय पहिल्यांदा आला तो सिनेमा बघताना. दिवाणखान्यात त्यांनी हौसेने होम थिएटर बसवलं होतं. पुढे तीन स्पीकर, मागे दोन, कोपऱ्यात धडधड करणारा जाडा डबा आणि सगळ्यांचा कारभार बघणारा रिसीव्हर. सुट्टीच्या दुपारी पडदे ओढून दोघं सिनेमा लावत. एका दुपारी कानसेन वैतागून म्हणाले, "हल्लीचे नट तोंडात सुपारी धरून बोलतात की काय?" बाईंना तर शब्द न् शब्द ऐकू येत होता. ते पाणी प्यायला उठले तेव्हा बाईंनी रिमोट घेतला. माणसांची बोलणी मधल्या स्पीकरातून येतात, हे त्यांना भावाने कधीतरी दाखवलं होतं. त्यांनी मधल्याच्या आवाजाचा आकडा थोडा वाढवला. कानसेन परत येऊन बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "हां, आता कसं."

इतकं सोपं होतं ते. खोटं बोलावंच लागलं नाही, एक बटण दाबलं आणि नवऱ्याचा चेहरा खुलला. कोण नाही करणार? सासऱ्यांचे कान गेले तेव्हा घरातली मोठी मुलंसुद्धा त्यांच्यामागे उभी राहून त्यांना नावं ठेवायची आणि खिदळायची. त्या मुलांत कानसेनही होते. पुढे म्हातारा जेवायलाही सगळ्यांबरोबर बसेना. नवऱ्याचं तसं होऊ नये, एवढंच बाईंच्या मनात होतं. नंतर त्या महिन्या-दोन महिन्यांनी आकडा वाढवत गेल्या. मशीनांचा विचार मनात यायचा, नाही असं नाही. आला की त्या भाजी निवडायला घ्यायच्या.

आणि मग आकडा टोकाला पोचला. रिसीव्हरमध्ये त्याच्या वर जागाच नव्हती.

"हा रिसीव्हर म्हातारा झाला," कानसेननी निकाल दिला. "आवाजातला जीव गेला त्याच्या. बदलायला हवा."

बाईंनी रिमोट उचलून बाजूला ठेवला. त्या म्हणाल्या, "चांगला चाललाय की. नव्याने असा काय फरक पडणार आहे?"

"तुला नाही कळायचं. कान लागतो त्याला."

बाईंच्या भावाचं ध्वनियंत्रांचं दुकान होतं. कानसेननी त्यालाच सांगितलं, की चांगल्यातला रिसीव्हर घरी आण, शेजारी शेजारी ठेवून ऐकू, पटला तर ठेवू. रविवारी सकाळी मेहुणा खोकं घेऊन हजर झाला. त्याने नवा रिसीव्हर जोडला, सोफ्यावर कानसेनच्या डोक्याच्या उंचीला एक छोटा माइक उभा केला आणि सगळ्यांना गप्प बसवलं. एकेका स्पीकरातून सूं सूं आवाज आला आणि यंत्राने आपलं आपण मोजून सगळे आकडे लावून घेतले.

"आता ऐका भाऊजी," मेहुणा म्हणाला. त्याने कानसेनचा आवडता प्रसंग लावला, दोन भाऊ स्वयंपाकघरात भांडतात तो. बाई दाराशी उभ्या राहिल्या. त्यांना चमच्याचा आवाजही नव्याने ऐकू येत होता. फरक होता, चांगला फरक होता, आणि तो ऐकताना त्यांना रडू येईल असं वाटत होतं.

कानसेन पुढे झुकले. मान तिरकी केली. मग मागे टेकून म्हणाले, "टाकाऊ आहे."

"काय?"

"अरे, माणसं काचेमागून बोलतायत. जुना बरा होता त्यापेक्षा."

मेहुण्याच्या धंद्याचा प्रश्न होता, तो थोडाच ऐकून घेणार. "भाऊजी, असं नसतं ठरवायचं. आधी दोन्हींचा आवाज सारखा करावा लागतो. ज्याचा आवाज चिमूटभर जास्त, तोच आपल्याला चांगला वाटतो. कान असेच फसतात. थांबा, जुन्यावर काय लावलंय ते बघतो." त्याने जुना जोडला, पडद्यावर स्पीकरांच्या आकड्यांची यादी उघडली आणि भुवया वर केल्या.

"हा मधला स्पीकर टोकाला नेऊन कुणी ठेवला? असं ऐकलं तर डोकं उठेल माणसाचं. भाऊजी, तुम्ही?"

"मी कशाला हात लावतोय?" कानसेन म्हणाले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग यादी नीट वाचली, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. ते काहीतरी जुळवत होते. अजून क्षणभर गेला असता तर जुळलं असतं.

"मी केलंय ते," बाई म्हणाल्या. "मला हल्ली ऐकू येत नाही."

कानसेन उठले, बाईंपाशी आले आणि त्यांचा खांदा धरून मोठ्याने म्हणाले, "अगं, मग मला सांगायचं नाही का? लाज कसली त्यात? मी काय हसणार होतो तुला?"

त्यांचे डोळे भरून आले होते. बाईंना वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

मेहुणा चहाचे कप ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आला. "ताई," तो दबक्या आवाजात म्हणाला, "मघाशी दूध वर आलं ते तुला बाहेरच्या खोलीतून ऐकू आलं."

"हळू बोल."

"हळू बोललो काय आणि ओरडलो काय, त्यांना सारखंच आहे ना?" तो कप विसळत राहिला. "ते लिफ्टची मशीनं पास करतात ताई."

"निवृत्तीला थोडंच राहिलंय. नाव आहे त्यांचं तिथे. तेवढं नीट पार पडू दे."

"पडू दे. मी आपला आजपासून जिने चढतो," मेहुणा म्हणाला. हसला मात्र नाही. जाताना त्याने नवा रिसीव्हर परत खोक्यात भरला.

त्यानंतरचे दिवस घरात फार प्रेमाचे गेले, आणि तेच बाईंना सोसवत नव्हतं. कानसेन त्यांच्यासमोर बसून, तोंडाकडे बघत, ठासून बोलायचे. दाराची घंटा वाजली की आपण उठायचे, म्हणजे बाई उठताना दिसल्या की आपण आधी उठायचे. शेजारच्यांना त्यांनी बजावलं, की बाईंशी जरा मोठ्याने बोला. बाजारात बाईंच्या कानाशी तोंड नेऊन भाव सांगायचे. लग्नानंतर इतकं कधी त्यांनी बायकोकडे पाहिलं नव्हतं. एकीकडे त्यांनी कानाच्या डॉक्टरांकडे बाईंचं नाव नोंदवलं. बाईंनी दोनदा डोकेदुखीचं कारण काढून ते टाळलं. तिसऱ्यांदा कानसेन रजा टाकून घरी थांबले.

निघताना ते खुशीत होते. टॅक्सीत त्यांनी कालची हकिकत सांगितली. हॉस्पिटलच्या लिफ्टचं मशीन दुरुस्तीला आलं होतं, रुग्णांच्या खाटा नेतात त्या लिफ्टचं. नवीन लागलेली फिटर पोरगी म्हणत होती, बेअरिंग किंचित किणकिणतंय. "मी तीन वेळा पेचकस लावून ऐकलं. काही नाही! तिला म्हटलं, पोरी, तू जन्मायच्या आधीपासून मी हे ऐकतोय. पास करून पाठवलं ते मशीन. रात्रीच बसवलं त्यांनी."

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. खाटेवरचा माणूस त्यांना दिसू लागला. त्याला उठून जिनाही उतरता येणार नव्हता. एरवी अशा वेळी निवडायला भाजी असायची.

तपासणीची खोली कपाटाएवढी होती, भिंतींना स्पंज लावलेला. डॉक्टरांनी बाईंच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि सांगितलं, की आवाज कितीही बारीक आला तरी दाबा. दार बंद झालं. काचेतून कानसेन दिसत होते, मान हलवून धीर देत होते.

पहिला आवाज आला. बाईंचा अंगठा बटणावर होता. न दाबणं अगदी सोपं होतं. चार-दोन आवाज सोडून द्यायचे, एक मशीन कानात अडकवून घरी जायचं, आणि पुढची वर्षं बहिरेपण मिरवायचं. नवऱ्यासाठी त्यांनी ते आनंदाने केलं असतं. आवाज पुन्हा आला, त्याहून बारीक, उंच, दूर कुठेतरी कुणी रडत असल्यासारखा. बाईंनी बटण दाबलं. मग प्रत्येक आवाजाला दाबत राहिल्या.

बाहेर आल्यावर डॉक्टर कागद बघत, तोंडावरचा मास्क न काढता कानसेनना म्हणाले, "यांना काहीही झालेलं नाही. या वयात इतके चांगले कान मी क्वचितच पाहिलेत."

कानसेननी गंभीरपणे मान डोलावली. मग बाईंकडे वळून विचारलं, "काय म्हणाले? किती गेलेत?"

डॉक्टरांनी कागदावरून नजर उचलली आणि यावेळी ती कानसेनवर स्थिरावली. बाईंनी नवऱ्याचे दोन्ही हात धरले.

"माझे कान चांगले आहेत. मला सगळं ऐकू येतं. पहिल्यापासून येतं."

"मग तो मधला..."

"तुम्हाला ऐकू यावं म्हणून वाढवत होते मी."

कानसेन हसले, म्हणजे तोंड तसं झालं. मग ते तसंच राहिलं. त्यांनी हात सोडवून घेतले आणि बाकावर बसले. बाईंना वाटलं, आता ओरडतील. त्यांनी ओरडावं असंही वाटलं. कानसेननी विचारलं ते एवढंच, "कधीपासून?"

बाईंनी सांगितलं. काही लपवलं नाही. कितीदा वाढवला, कुठे थांबावं लागलं, तेही सांगितलं. कानसेन त्यांच्या ओठांकडे बघत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत खडू होता.

मग त्यांनी खिशातून फोन काढला, कारखान्याचा नंबर लावला आणि वाजायच्या आत तो बाईंच्या हातात दिला. "फोरमन उचलेल. तू बोल. हॉस्पिटलचं मशीन बंद करायला सांग. आत्ताच्या आत्ता."

फोरमनने उचलला. बाईंनी निरोप सांगितला.

"सकाळपासून चालू आहे ते," तो म्हणाला. "बंद कसं करणार? पेशंट चाललेत त्यातून. आणि का? कानसेननीच तर पास केलंय."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "का, असं विचारतायत."

"सांग त्यांना."

"त्यांना ऐकू येत नाही," बाई फोनमध्ये म्हणाल्या. "ती मुलगी म्हणत होती ते बरोबर असेल. आधी बंद करा."

पलीकडे कारखान्याची घरघर ऐकू येत होती. फोरमनने कुणालातरी हाक मारून हॉस्पिटलला फोन लावायला सांगितलं. मग तो पुन्हा फोनवर आला. त्याचा आवाज बदलला होता.

"बाई, कधीपासून ऐकू येत नाही त्यांना?"

बाईंनी ते दुसऱ्यांदा सांगितलं. मग त्या फोन कानाला धरून उभ्या राहिल्या. कानसेनना वाटलं फोन तुटला.

"काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही म्हणत अजून."

मग फोरमनने विचारलं, आणि बाईंनी ते नवऱ्याकडे तोंड करून, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. "तेव्हापासून गेलेल्या मशीनांचं काय करायचं, असं म्हणतायत."

कानसेन उभे राहिले. बाजूच्या खुर्च्यांवर आपापल्या पाळीची वाट बघणारी माणसं बसली होती, आणि आपला आवाज किती मोठा निघतोय याचा त्यांना अंदाज राहिला नव्हता.

"सगळी," ते म्हणाले. "सगळी बंद करायला सांग."