मास्तरांच्या मापाचा कोट

लेकीच्या लग्नाला तीन आठवडे उरले असताना शिंपीमास्तरांची कंबर धरली. निमित्त काय, तर जमिनीवर पडलेला खडू. चाळीस वर्षं कापायच्या टेबलावर ओणवं राहून जे सोसलं होतं, त्याचा सगळा राग कंबरेनं त्या खडूवर काढला. मास्तर वाकले ते वाकलेच. दहा पावलं टाकली की डाव्या पायात घोट्यापर्यंत कळ जायची आणि ते दिसेल त्या भिंतीला बिलगायचे.

"मणक्यांमधली गादी सरकलीय, नस दाबली गेलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नुसतं पडून राहू नका. थोडं थोडं चाला, मी दाखवते ते व्यायाम करा, टेबल उंच करून घ्या. पाय बधिर झाला किंवा लघवी अडली तर मात्र तडक यायचं."

"पण लग्नात मला लेकीचा हात धरून हॉलच्या दारापासून स्टेजपर्यंत चालायचंय हो. चाळीस पावलं आहेत, मोजून आलोय. तोवर होईन ना सरळ?"

"व्यायाम केलेत तर व्हाल."

मास्तरांचा त्या शब्दावर काडीचा विश्वास बसला नाही. त्यांचा विश्वास कापडावर. गिऱ्हाईक जसं उभं राहतं तसंच त्याचं माप घ्यायचं, 'ताठ उभे राहा' म्हणायचं नाही, हा त्यांचा बाणा. गावातले निम्मे पोक काढलेले पुरुष त्यांच्या कोटात रुबाबदार दिसायचे. मग स्वतःला वेगळा न्याय कशाला? त्यांनी बायकोच्या हातात टेप दिली आणि वाकूनच माप द्यायला उभे राहिले.

"अहो, जरा सरळ तरी व्हा!"

"अगं, सरळ होता आलं असतं तर कोट कशाला बेतला असता? लिही मुकाट्यानं."

कोट मात्र असा उतरला की बघत राहावं. पुढून आखूड, पाठीत लांब, आणि अंगावर एक सुरकुती नाही. मास्तर आरशासमोरून हलेनात.

बायको व्यायामासाठी हात धुऊन मागे लागली होती, म्हणून तेही चाललं होतं. आठवड्याभरात मास्तर सकाळी बनियनवर अंगणाला तीन फेऱ्या मारू लागले. संध्याकाळी मात्र कोट चढवून, बटणं लावून लग्नाचा सराव करायला निघाले, की बाराव्या पावलाला पायात कळ. त्यांनी आधी मणक्यांमधल्या गादीला दोष दिला, मग चपलांना, मग संध्याकाळच्या हवेला. कोटाला दोष द्यायचं त्यांच्या सात जन्मात मनात आलं नसतं.

लग्नाच्या दिवशी लेकीनं हात धरला. पाहुणे उठून उभे राहिले. पहिल्याच रांगेत समोरच्या दुकानाचा शिंपी होता, वीस वर्षांचा हाडवैरी. मास्तर ऐटीत निघाले आणि बाराव्या पावलाला अडकले. लेकीच्या देखत आता खुर्ची मागावी लागणार, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले.

"बाबा, सकाळी तर तुम्ही पाण्याची बादली उचलणं सोडून सगळं करत होतात," लेक कुजबुजली. मग तिनं त्यांना खालून वर न्याहाळलं. शेवटी शिंप्याचीच पोर. "कितव्या तारखेचं माप आहे हे?"

"खडू पडला त्याच्या दुसऱ्या दिवसाचं."

"अहो बाबा! तुमची कंबर बरी झालीय. हा कोट तुम्हाला परत वाकवतोय. बटणं काढा!"

"माझ्या दुकानातून आजवर कोणी उघड्या बटणांनी—"

लेकीनं ऐकून घेतलं नाही. भर हॉलमध्ये तिनं तिन्ही बटणं फटाफट काढली. मास्तर हळूहळू उभे राहू लागले. कंबर, पाठ, मान, सगळं एकेक करून वर आलं. आणि कोटाची दशा झाली. पुढचे पल्ले बेंबीपाशी चढले, पाठीत कापडाचा गोळा जमला, कॉलर मानेपासून चार बोटं दूर उभी राहिली.

पुढची अठ्ठावीस पावलं मास्तर न थांबता चालले. पायात कळ नव्हती. लेकीनं हात इतका घट्ट धरला होता की तेवढाच काय तो दुखत होता.

स्टेजपाशी समोरच्या शिंप्याला राहवलं नाही. "काय हो हे ध्यान! चांगल्या कापडाची वाट लावली. शिवलाय कुणी हा कोट?"

मास्तरांनी छाती पुढे काढली. पाठीतला गोळा आणखी फुगला.

"मी!" ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "बघा, कुठंच बसत नाही!"