उभी चिरलेली नळी

रायफल क्लबच्या कार्यशाळेत मिस्त्रीबाईंना अठरा वर्षं झाली होती. आजवर त्यांच्या कामात कुणी खोट काढली नव्हती, आणि त्या दिवशी थेट कागदच समोर आला. 'तीन नंबरच्या रायफलीची नळी चुकीच्या साफसफाईमुळे झिजली, सबब बाद.' खाली कोचची सही, अध्यक्षांची सही आणि तिसरी जागा बाईंसाठी रिकामी. सही म्हणजे कबुली. कबुली दिली की स्पर्धेच्या रायफलींना हात लावायचा नाही, निशाणाचे पुठ्ठे चिकटवत बसायचं.

"नुसती सही तर करायची आहे, बाई," कोच म्हणाला. नेमबाज त्याला पाठीमागे सुसाट सर म्हणत.

गेल्या वर्षी नवी काडतुसं यानेच आणली होती. गोळी बारीक आणि मागे दारू भरमसाट. त्या काडतुसांसाठी तीन नंबरला नवी नळीही बसवून घेतली. बाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "सर, एवढा जाळ एवढ्याशा भोकातून काढलात तर नळीचा घसा जळणार. जुन्या काडतुसांवर नळी पाच हजार गोळ्या झेलायची, ही दीड हजारसुद्धा झेलणार नाही. निदान दहा गोळ्यांनंतर थंड तरी होऊ द्या."

सर हसला होता. मुलांनी तापल्या नळीतून वीस-वीस गोळ्या सलग झाडल्या. बाराशे झाल्या आणि नेम विखुरला. मग काय, नाचता येईना अंगण वाकडं! आणि अंगण कुठलं, तर बाईंचा साफसफाईचा गज.

घरी थोरली बहीण म्हणाली, "करून टाक गं सही. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"ताई, त्या पाण्यात मी अठरा वर्षं आहे. मासा तीन वर्षांपूर्वी आलाय."

बाईंना अपमान झोंबला होता. काम गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण आपल्या हाताने नळी खराब झाली हे त्या मरेपर्यंत लिहून देणार नव्हत्या.

बाद नळी कुणी गुपचूप पुन्हा बसवू नये म्हणून ती कापून टाकायची, असा कार्यशाळेचा नियम होता. बाई दरवेळी आडवे तीन तुकडे करत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तीन नंबरची नळी मशीनवर लावली आणि टोकापासून टोकापर्यंत उभी चिरली. दोन्ही फाकी धुतल्या, पुसल्या आणि अध्यक्षांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

तिथेच बसलेला सर ताडकन उठला. "कुणाला विचारून कापलीत?"

"तुम्हालाच. बाद म्हणून तुमचीच सही आहे."

अध्यक्षांनी चष्मा लावला. काडतूस बसतं त्या जागेच्या लगेच पुढे पोलाद काळवंडलं होतं, वाळलेल्या चिखलासारखं तडकलं होतं. गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा तिथे उरल्याच नव्हत्या.

"गजाने असं होत नाही?" त्यांनी विचारलं.

"गज एका अंगाने घासतो, साहेब. हे चहूबाजूंनी भाजलंय. आता इकडे तोंडाशी बोट फिरवा. खाचांच्या कडा लागतात ना बोटाला? गज इथूनही जातो, रोज जातो."

अध्यक्षांनी बोट फिरवलं आणि सराकडे पाहिलं.

"वेग हवा असेल तर एवढं होणारच!" सर उसळून म्हणाला.

आपण काय कबूल केलं ते बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

"मग तेच लिहा," बाई म्हणाल्या. त्यांनी कागदावरचे 'चुकीच्या साफसफाईमुळे' हे शब्द खोडले आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं. "तुमच्या अक्षरात."

सुसाट सराने अध्यक्षांकडे पाहिलं. ते अजून नळीच पाहत होते. शेवटी त्याने पेन उचललं. 'जादा दारूच्या काडतुसांमुळे' एवढंच लिहायचं होतं, पण त्याला बराच वेळ लागला.

बाईंनी ते दोनदा वाचलं आणि तिसऱ्या जागी ठसठशीत सही ठोकली.