तीन चित्रांचा तुकडा

मी एक जुना फिल्मचा तुकडा आहे, मित्रांनो. बोटभर लांब, तीनच चित्रांचा. माझं बाकीचं रीळ जळून खाक झालं, आणि त्याला कारण मीच.

आमचा सिनेमा हसवणारा. नायक-नायिका पहिल्यांदाच हॉटेलात भेटतात आणि सगळं फिसकटतं. सूप तिच्या मांडीवर सांडतं, खुर्ची मोडते, शेवटी मेणबत्तीने टेबलक्लॉथ पेटतो. तेव्हा ती चिडायचं सोडून खळखळून हसते. ते हसू म्हणजे मी. मग नायक वेटरला शिट्टी मारतो, की लोक हसून लोटपोट!

आमच्या थिएटरात सिनेमाचं मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरचा तिकीट खिडकीवरच्या बाईंवर जीव जडला होता, पण बोलायची छाती होईना. एके दिवशी त्याने मला कात्रीने कापलं आणि रिळाची टोकं घाईघाईत चिकटवली. चिकटवलेलं वाळेपर्यंत थांबला असता तर बाई घरी गेल्या असत्या ना! मी त्यांच्या चष्म्याच्या डबीत पोचलो. पुढे लग्न झालं. केवढा माझा मान!

जोड मात्र कच्चाच राहिला. दर खेळाला मशीनमध्ये 'टक्' वाजायचं.

"अहो, तो जोड आज तरी नीट करा," बाई म्हणायच्या. "आपली फिल्म जुनी, भडकन पेटणारी. एक ठिणगी पुरे."

"अगं, आपल्या लग्नाइतका पक्का आहे तो!"

डबीत मला धडकी भरायची.

एका दुपारी तो जोड दिव्यासमोर अडकला. पडद्यावर टेबलक्लॉथ पेटलेला, त्यातच फिल्म जळून खरोखरचा काळा डाग पसरू लागला. लोकांना वाटलं, गंमतच आहे! खिडकीत बसलेल्या बाई शिट्टीची वाट बघत होत्या. शिट्टी आली नाही. हशा मात्र वाढतच गेला. डबी मुठीत धरून त्या जिना चढून मशीनच्या खोलीशी गेल्या.

"दार उघडा हो!"

"थांब! आधी झडप पाडू दे, नाहीतर खाली माणसं भाजतील!"

प्रेक्षकांकडच्या झरोक्याची तापलेली लोखंडी झडप त्याने नुसत्या हातांनी पाडली, मग दार उघडलं. लोक सुखरूप बाहेर पडले. काही जण अजून हसत होते.

मित्रांनो, प्रेमाने चालवली तरी कात्री कापतेच. कच्चा जोड उद्यावर टाकू नका. माझी जागा रिळात होती हो, डबीत नव्हती.

त्याची बोटं आता मिटत नाहीत. कधीतरी तो म्हणतो, "दाखव गं." बाई मला उजेडात धरतात.

"अजून हसतेच आहे बघ," तो म्हणतो.

बाई मला डबीत ठेवतात आणि झाकण लावतात.