तनशीतला आटो

चुलीवरच्या गंजाचं झाकण खडखडलं. कुंतानं झडप घालून ते पदरानं दाबून धरलं. वाफेनं बोटं भाजली, पण तिनं हात काढला नाही. बाहेर मोटरसायकल अन् जीप थांबून बराच वेळ झाला होता. आतून कडी घातली होती. घरी कोणी नाही असं समजून माणसं निघून जावीत, एवढंच तिचं मागणं होतं.

"कुंताबाई, दार उघडा वो," बाहेरून आवाज आला. "कवेलूतून धूर निघून राह्यला. चूल काय आपल्या मनानं पेटली?"

आवाज हेमराजचा होता. तिच्या माहेरचा पोरगा, तिला बहीण मानून बाई म्हणणारा. तिच्या लग्नात घाम फुटेस्तोवर नाचलेला. आता फायनान्सवाल्यांकडे वसुलीला होता. किस्त थकली की गाडी ओढून न्यायची, अन् गाडीमागं कमिशन घ्यायचं.

कुंतानं कडी काढली.

"या भाऊ. बसा. पेज घेता का?"

"पेज नाई, आटो पायजे. भाऊजी कुठी गेले?"

"मूलच्या आफिसात गेले, तुमच्याच साहेबाकडं. मुदत मागाले."

"अन् आटो?"

"चंदरपूरले हाय. दुरुस्तीले टाकला."

हेच तिनं लेकीलाही सांगितलं होतं. दिव्यानी पाच वर्षांची. आटो दिसेनासा झाला तशी तिनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. रोज सकाळी बापाच्या मांडीवर बसून वेशीपर्यंत जायचं, भोंग्याचा रबरी फुगा दाबायचा, अन् मग उतरून धावत घरी यायचं, हा बाप आजारी पडायच्या आधीचा तिचा नेम.

तो आटो नुसती गाडी नव्हती. तलावातल्या मासेमारीचा ठेका दुसऱ्यानं घेतला तेव्हापासून ढिवरांची जाळी ओसरीला टांगलेलीच होती. तिच्या नवऱ्यानं, मनसारामानं, कर्ज काढून आटो घेतला, अन् चूल परत दोन वेळा पेटायला लागली. बाजाराच्या दिवशी बाया-माणसं, टोपल्या, कोंबड्या, सगळं कोंबून तो मूल गावाला न्यायचा. दिवाळीत त्याला हिवताप धरला. उतरला म्हणता म्हणता परत चढला, डोळे पिवळे झाले, अन् आटो मांडवात उभाच राहिला. किस्ती थकल्या. आता माघ लागला होता. लगनसराई तोंडावर होती. वरातींची भाडी सुरू झाली की मागचं सगळं फिटलं असतं. तेवढे दिवस आटो दारी राहायला हवा होता.

म्हणून परवा अंधार पडल्यावर मनसाराम अन् शेजारचा नथ्थूभाऊ, दोघांनी आटो मागच्या वाडीत ढकलत नेला. बांबूचे फाटे आडवे लावले, वरून नवी तनस रचली. बाहेरून पाहिलं तर दर घरामागं असते तशी पेंढ्याची गंजी.

हेमराजनं गोठा पाहिला, मांडव पाहिला, न्हाणीमागंही डोकावून आला. शेजारी आपल्या ओसरीवर नथ्थूभाऊ जुनं जाळं सांधत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "माह्या जाळ्यात पाहून घे ना गा हेमराज. एखादे वेळी गुंतला असन."

जीपवाले दोघं खो खो हसले. हेमराजही हसला. "मोठे गमत्ये हा तुमी, नथ्थूभाऊ. मासोया भेटत नाई तं आटो धरून राह्यले का?"

"तू गाड्या धरतं, मी आटो धरीन. धंदा एकच झाला आपला."

हेमराज गंजीवरून वाडीत नजर फिरवून माघारी वळला. कुंता चुलीकडे वळली. त्यानं मोटरसायकलला किक मारायला पाय उचलला.

पों.

मग परत, पों पों. अन् तनशीच्या पोटातून हाक आली, "आई वो! बाबाचा आटो घरीच हाय! मले सापडला!"

नथ्थूभाऊचा हात जाळ्यातच थांबला. हेमराजनं पाय खाली टेकवला. आता तोही हसत नव्हता.

फाटे बाजूला केले तशी दिव्यानी सीटवर बसलेली दिसली. केसात तनस, गालाला धूळ, अन् चेहरा असा फुललेला, जशी काही जत्रेत पाळण्यात बसून आली. कुंता धावत जाऊन मागच्या सीटवर बसली अन् दांडी घट्ट धरली.

"नाई उतरत मी. तिकडं मालक साहेबासमोर हात जोडून उभा असन, अन् तू इथी ओढून नेतं? उद्यापर्यंत थांब ना गा भाऊ."

"साहेब मूलले बसते बाई, हुकूम चंदरपूरवरून निघते. आज रिकाम्या हातानं गेलो तं उद्या दुसरा कोणी येईन. तो बाई म्हणणार नाई तुमाले."

"अन् सोडवाचा म्हटलं तं?"

"एकदा आमच्या आवारात लागला का मुदत-फिदत काई नाई. थकलेलं सगळं एकदम, वरून ओढाईचा खर्च." तो दुसरीकडे पाहत होता. "उतरा बाई. पोट्टीसमोर तमाशा नोको."

लेकीनं तिच्याकडे पाहिलं, तेव्हा कुंता उतरली.

जीपला दोर बांधला. आटो हेलकावे खात वाडीतून निघाला, मागं तनशीच्या काड्या सांडत गेला. दिव्यानी कडेवरून हात हलवत ओरडली, "मामा, चांगला दुरुस्त करून आणजो गा!"

हेमराजनं मोटरसायकल जीपच्या पुढं काढली.

दिवस कलताना मनसाराम आला. तापातून उठल्यापासून पाय ओढत चालणारा माणूस आज भराभर येत होता. वेशीपासूनच बोलत आला.

"कुंते, साहेब मानला वो! लगनसराईपर्यंत नाव नाई काढत म्हणे. गाडी तुह्या दारीच राहू दे, कमाव अन् भर म्हणे. काढतो आता आटो बाह्यर, उद्या बाजार..."

वाडीत विस्कटलेली तनस अन् मध्ये चाकांच्या खुणा. तो तिथंच उकिडवा बसला. चाकाच्या खुणेत बोट घालत त्यानं विचारलं, "कसा सापडला?"

नथ्थूभाऊ ओसरीवरून उठून आपल्या घरात गेला. दिव्यानी आईचा पदर धरून उभी होती. सांडलेल्या तनशीत तांबडी कोंबडी दाणे शोधत पायानं उकरत होती. कुंतानं कोंबडीकडे बोट केलं.

"थे. उकरून राह्यली होती. चाक उघडं पडलं."

मनसाराम उठला. अंडी देणारी कोंबडी होती, गावातल्या दोन घरांत तिची अंडी विकत जायची. त्यानं ती धरली अन् कुंता "अवो, नोको" म्हणेपर्यंत मान पिळली. तिच्या ओठावर खरं आलं होतं. पदराला लेकीची मूठ होती. तिनं ओठ मिटले.

कोंबडी टाकून देण्याची ऐपत कोणाची होती? कुंतानं पिसं काढली, मिरच्या वाटल्या, सार केलं. तांदूळ होते तेवढे शिजवले. तिघं चुलीपुढं बसली. मनसाराम मान खाली घालून कालवत होता, तोंडात घास घालत नव्हता. दिव्यानीच्या ताटात आईनं तंगडी वाढली.

तिनं तंगडी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली अन् परत ताटात ठेवली.

"आई, भोंगा तं मीनं वाजवला. मंग बाबानं कोंबडीले काऊन मारलं?"