या गुरुवारी मोतीबिंदू

आमच्या कॉलेजात दर गुरुवारी दुर्गाबाईंना कॅन्सर व्हायचा.

जेवणाच्या सुट्टीआधी व्हायचा आणि सुट्टी झाली की जायचा. मग त्या कॅन्टीनमध्ये आमच्यासोबत जेवायच्या, सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पुडी मळायच्या आणि किरनापूरची बस पकडायच्या. त्यांचे यजमान प्रेमलाल गावात सगळ्यांना सांगायचे, "माही बायको बालाघाटले नोकरीवर हाय. गुरुवारी तिले कॅन्सर होते, सांजच्या बसनं बरी होऊन येते."

मेडिकल कॉलेज नवीन आहे. इमारत आधी धानाचं गोदाम होती, त्यामुळे शरीररचनेच्या हॉलमध्ये अजूनही प्रेतांपेक्षा चिमण्या जास्त आहेत. नव्या अभ्यासक्रमात वरून लिहून आलंय की डॉक्टरला पेशंटशी माणसासारखं बोलता आलं पाहिजे. ही मोठीच अट होती. आम्ही सगळे प्रवेशपरीक्षा घासून आलेले, समोर चार पर्याय ठेवल्याशिवाय आम्हाला "कसे आहात" याचंही उत्तर येत नाही.

हे शिकवायचं काम साधना मॅडमकडे आलं. त्यांनी किरनापूरजवळच्या गावातून दुर्गाबाईंना शोधून आणलं. आरोग्य खात्याच्या मलेरियाच्या पथनाट्यात दुर्गाबाई डास व्हायच्या. मॅडम सांगतात, त्यांना पाहून गावातली पोरं भरदुपारी मच्छरदाणीत शिरली होती.

पद्धत अशी. वर्गात पुढे दोन खुर्च्या. एकीवर दुर्गाबाई, दुसरीवर आमच्यापैकी एक जण, बाकीचे बाकांवर. कार्डावर केस लिहिलेली: पेशंट गिरजाबाई, तोंडातल्या जखमेचा तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. आता हे तिला सांगा. पुढे काय होईल ते दुर्गाबाईंच्या मर्जीवर. कधी रडायच्या, कधी हसत सुटायच्या. अश्विनने सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "मंग धानाचा रोवणा कोण करन?" अश्विन म्हणाला, "रोवणा पुढच्या वर्षी करा." पौर्णिमा तर स्वतःच रडली. पेशंटनं डॉक्टरला पाणी पाजलं, पदरानं डोळे पुसले आणि "होते बाई असं कधी कधी" म्हणून धीर दिला.

शेवटी मॅडम विचारायच्या, "कसं वाटलं, दुर्गाबाई?"

"हा बापू माह्याशी नाही बोलला. माह्या चपलेले सांगून राह्यला होता."

आमचे मार्क असे ठरायचे.

दिवाळीनंतर त्यांचं काम फारच चांगलं होऊ लागलं. बोलणं जाडसर झालं, जणू तोंडात सुपारी धरून बोलतायत. मॅडम आम्हाला म्हणाल्या, "बघा, एवढ्याशा भूमिकेचा किती अभ्यास करतात त्या." कॅन्टीनमध्ये त्यांनी तिखट सोडलं. भात पाण्यात कालवून, एका बाजूनं हळूहळू गिळायच्या. आम्ही आपसात म्हटलं, भूमिका सोडत नाहीत बाई. अश्विनने तर उभं राहून टाळ्या वाजवल्या.

माझी पाळी आली तेव्हा मी "बसा मावशी" म्हटलं आणि पुढचं विसरलो. वेळ काढायला काहीतरी हवं होतं. म्हटलं, "आधी तोंड उघडा पाहू."

असं कोणीच कधी केलं नव्हतं. कार्डावर रिपोर्ट आलेला असतो, मग तोंड कशाला पाहायचं? दुर्गाबाई जराशा थांबल्या. पण नाटकातल्या डॉक्टरचंही ऐकावं लागतं. त्यांनी तोंड उघडलं, जेमतेम दोन बोटं जातील एवढं. मी मोबाइलचा उजेड टाकला आणि एक फोटोही काढला. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध कडा वर आलेली जखम. अगदी पुस्तकातल्या चित्रासारखी, फक्त चित्राला वास नसतो.

मी खूश झालो. बाकी सगळं कसंबसं उरकलं, दुर्गाबाईंनी मला "हसता हसता मारन हा पोरगा" असा शेरा दिला आणि त्या बसला गेल्या. मी मॅडमकडे जाऊन म्हटलं, "मॅडम, मेकअप एकदम भारी केलाय. वाससुद्धा!"

मॅडम हजेरी भरत होत्या. त्यांचा पेन थांबला.

"कोणता मेकअप?"

बाहेर चिमण्या ओरडत होत्या. मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. मॅडमनी तो मोठा केला, आणखी मोठा केला आणि मग मोबाइल टेबलावर पालथा ठेवला, जसं झोपलेल्या माणसाच्या तोंडावर चादर ओढावी.

"मी तीन महिने म्हणतेय, किती अभ्यास करते ही बाई," त्या म्हणाल्या.

कान-नाक-घशाचे सर रजेवर होते, पुढच्या शुक्रवारी येणार होते. मी म्हटलं, "मॅडम, आत्ताच फोन करून सांगू या ना."

"काय सांगणार? तपासल्याशिवाय? फोनवर?"

फोन तरी कुठे त्यांचा होता? तो प्रेमलालकाकांच्या खिशात असायचा. मॅडमनी लावला आणि सांगितलं की पुढच्या शुक्रवारी दोघंही कॉलेजात या, जरा काम आहे. स्पीकरवरून काकांचा आवाज आला, "माहं काय काम मॅडम? आता मीबी डास होऊ का?" आणि ते स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. मॅडमनी फोन ठेवला आणि मला बजावलं, "हे कोणालाही बोलायचं नाही. शुक्रवारी सर असतील, यजमान असतील, शांत खोली असेल. तेव्हा नीट सांगू."

मी फक्त पौर्णिमाला सांगितलं. पौर्णिमाने शपथ घालून फक्त अश्विनला सांगितलं. पेशंटची गोपनीयता हा धडा आमचा आधीच झाला होता आणि त्यात सगळे पास होते.

राहिला मधला गुरुवार. वर्ग रद्द केला तर त्यांना शंका येईल. घेतला तर आम्ही बसून एकेकानं त्यांना कॅन्सर सांगायचा? मॅडमना हे जमेना. त्यांनी नवं कार्ड केलं.

गुरुवारी दुर्गाबाई नेहमीसारख्या आल्या, पदर नीट केला, खुर्चीवर बसल्या.

"दुर्गाबाई, आज केस बदलली आहे," मॅडम म्हणाल्या. "आज गिरजाबाईला मोतीबिंदू."

"मोतीबिंदू?" दुर्गाबाईंनी मॅडमकडे पाहिलं. "त्याच्यात रडाचं काय हाय?"

"रडायचं नाही. सोपी केस आहे. जरा आराम."

"आराम काहून? मी थकलो म्हणलं का?"

मॅडम फळ्याकडे वळल्या आणि जे आधीच पुसलेलं होतं ते पुन्हा पुसू लागल्या.

मग आमचा वर्ग सुरू झाला आणि आम्ही इतके चांगले वागलो की आजही आठवलं की अंगावर काटा येतो. अश्विनने खुर्चीवर ठेवायला घरून उशी आणली होती. पौर्णिमाने हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. मोतीबिंदूची बातमी सांगताना लामता गावच्या चैतरामचा आवाज दाटला. एरवी बाकांवर खुसफुस असते, मागे कोणी डबा उघडतो. त्या दिवशी पंख्याची करकर तेवढी होती. प्रत्येक जण त्यांच्या डोळ्यांत पाहून बोलत होता. चपलेला कोणी सांगितलं नाही. इतके महिने मॅडम ज्याच्यासाठी आमच्यावर ओरडत होत्या, ते सगळं आम्हाला एकाच सकाळी यायला लागलं होतं.

दुर्गाबाईंचं मात्र बिघडत गेलं. आधी "हौ" म्हणत होत्या, मग नुसती मान. उशी त्यांनी काढून खाली ठेवली.

माझी पाळी आली. मी खुर्चीवर बसलो. मोतीबिंदूविषयी तोंड उघडणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बापू, त्या दिवशी तू माह्या तोंडात पाह्यलं ना?"

"हौ, मावशी."

"मंग आज सारे माहे डोये काहून पाहून राह्यले?"

विनोद करायला मला कधी वेळ लागत नाही. घरच्या मयतीतही मी दोन केलेत. त्या दिवशी माझ्याकडे एकही नव्हता. मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी डस्टर खाली ठेवलं. दुर्गाबाईंनी बाकाबाकावरून नजर फिरवली. आता सगळे आपापल्या चपलेकडे पाहत होते. मग पिशवी उचलून, गिरजाबाईला तिथेच खुर्चीवर सोडून, त्या वर्गाबाहेर गेल्या.

मॅडम दोन पावलं त्यांच्यामागे गेल्या आणि थांबल्या. "तू जा, अनय," त्या म्हणाल्या. "त्यांनी तुला विचारलंय."

स्टँडवर किरनापूरची बस लागलेली होती. दुर्गाबाई खिडकीशी बसल्या होत्या. मी शेजारी बसलो. बस सुटली. शहर मागे पडलं तशा म्हणाल्या, "माह्या घरच्यायले तू सांगजो."

"मावशी, उद्या सर येणार आहेत. मॅडमही आहेत. नीट बसून..."

"उद्या त्यायले खोलीत बसवान. पंखा लावान. पाण्याचा गिलास पुढं ठेवान. तो गिलास पाहूनच मरन ते माणूस. आजच सांग, घरी, आंगणात." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण पह्यले मले सांगून पाह्य. मी प्रेमलाल बनतो."

त्यांनी डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला. गुडघे फाकवले, पाठ सैल सोडली, डाव्या तळव्यावर नसलेला तंबाखू अंगठ्यानं चोळू लागल्या. शेजारच्या सीटवरची बाई चमकून पाहू लागली. माझ्या बाजूला आता खरंच एक म्हातारा बसला होता.

"बोल बापू," तो म्हणाला. "काहून आला?"

"काका, जरा बसा."

"बसेलच हाव. पुढं बोल."

"काका, मावशीच्या तोंडात एक जखम आहे..."

"ते नाटकाची. मले माहीत हाय. सांजच्या बसनं बरी होते."

"नाही काका. हे कार्डावरचं नाही. मी सोता पाह्यलं. उद्या सर तुकडा काढून तपासतील, तवा पक्कं समजन. पण मले ते चांगलं नाही दिसलं."

तंबाखू चोळणारा अंगठा थांबला. बस एका नाल्यावरून खडखडत गेली. समोरच्या काचेतून येणाऱ्या रस्त्याकडे पाहत, माझ्याकडे अजिबात न पाहता, म्हाताऱ्याने विचारलं, "माही बायको वाचन का?"

हे कार्डावर कधीच नसायचं. दुर्गाबाईंनी आम्हाला नाना तऱ्हेचे प्रश्न विचारले होते, रोवण्याचे, पोरीच्या लग्नाचे, शेळीचे. हा कधीच विचारला नव्हता.

"मले माहीत नाही, काका," मी म्हटलं. "लवकर गेलो तर बरं. नागपूरले जा लागन. मी येतो संगं."

"येशीन?"

"येतो."

"खोटं तं नाही बोलून राह्यला?"

"नाही."

त्याने मान हलवली. मला वाटलं, झालं, आता पदर डोक्यावर येईल, पाठ ताठ होईल, मावशी परत येतील आणि सांगतील कुठे चुकलो. मी वाट पाहत होतो. पण म्हातारा तसाच बसून राहिला. थोड्या वेळाने त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात थंड होता, आणि तेवढा एक नाटकातला नव्हता.

"एक कर, बापू," तो हळूच म्हणाला. "माह्या बायकोले हे सांगजो नको. ते लय भेते."

"नाही सांगत, काका," मी म्हटलं.

किरनापूर यायला अजून बराच वेळ होता.